नाशिकरोडची अक्षरं किती?

नाशिकरोड या शब्दात अक्षरं किती? ना, शि, क, रो, ड. पाच. पहिलीतल्या पोराला विचारा, रिक्षावाल्याला विचारा, बिटको चौकात भाजी घेऊन बसलेल्या आजींना विचारा. बोटांवर मोजतील आणि पाचच सांगतील. हाच शब्द इंग्रजीत लिहा, दहा भरतील. तेही 'श'साठी एस आणि एच अशी दोन अक्षरं लिहिलीत तर. जुन्या पद्धतीने नुसतं एस लिहिलं तर नऊ. रेल्वेला एवढाही वेळ नसतो, तिचा संकेत एन आणि के, दोनात काम फत्ते. आणि संगणकाला विचारलंत तर तो म्हणतो, आठ.

आठ कुठून आले? न, काना, श, वेलांटी, क, र, ओची मात्रा, ड. म्हणजे संगणकाच्या लेखी 'ना' हे अक्षर नाहीच. 'न' हे एक आणि त्याच्या शेजारी उभा असलेला काना हे दुसरं. शि म्हणजे एक श आणि एक बेवारस वेलांटी.

माझं भांडण या आठाशी आहे. इंग्रजीच्या दहाशी नाही. इंग्रजीने आपला शब्द आपल्या पद्धतीने मोजावा, तो तिचा हक्क. पण मराठी शब्द मराठीच्या मापाने मोजायचा हक्क आपण कधी आणि का सोडून दिला, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं ते इंग्रजी शब्दांचं वेड. अमुक इतक्या अक्षरांचा शब्द, त्यात अमुक अक्षर आलंच पाहिजे, तमुक नको, आता ओळखा. हा प्रकार जुनाच, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये जॉश वॉर्डल नावाच्या माणसाने 'वर्डल' सगळ्यांसाठी खुलं केलं आणि साथ पसरली. पाच अक्षरं, सहा प्रयत्न, दिवसाला एकच शब्द. जानेवारी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो खेळ विकतही घेतला. खेळ सुंदर आहे, मीही खेळतो, उगाच नाकं मुरडणार नाही. मुंबईला अप-डाऊन करणारी मंडळी सकाळी गाडीत बसली की पेपरच्या आधी हे उघडतात, आणि कसारा घाटात रेंज गेली की हळहळतात!

वाईट एवढंच, की त्या खेळाची मोजपट्टी आपण सगळीकडे लावायला लागलो.

माझी भाची चौथीत आहे, इंग्रजी माध्यमात. २०२० च्या कायद्याने आता सगळ्याच माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे तिला मराठीचा तास असतो आणि गृहपाठही. एकदा दोन कागद एकदम आले. इंग्रजीच्या कागदावर होतं, ए आणि आर ही दोन्ही अक्षरं असलेले पाच अक्षरी दहा शब्द लिहा. चेअर, ट्रेन, शार्प, हार्ट, ब्रेड... पोरीने भराभर लिहिले. मराठीच्या कागदावर शब्दशोध होता. चौकोनी जाळं, त्यात आडवे-उभे लपलेले शब्द शोधून गोल करायचे. तर त्या जाळ्यातल्या एका घरात नुसती वेलांटी बसलेली. वेलांटीला टेकायला व्यंजन नाही, म्हणून संगणकाने तिथे ठिपक्यांचं एक रिंगण काढून दिलेलं. खालच्या घरात नुसता काना, दुसऱ्या एका घरात पाय मोडलेला त. इंग्रजी जाळी बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मराठी शब्द ओतले, बटण दाबलं आणि छापून वाटून टाकलं. छापणाऱ्याने पाहिलं नाही, वाटणाऱ्यानेही पाहिलं नाही.

भाचीने विचारलं, "मामा, ही वेलांटी कुणाची?"

काय सांगणार? तिला इंग्रजीचा कागद पटकन सुटला आणि मराठीचा सुटला नाही. त्यातून तिने काढायचा तो निष्कर्ष काढलाच. इंग्रजी सोपं, मराठी विचित्र. नऊ वर्षांच्या मुलीचा हा समज तिच्या आईने किंवा शाळेतल्या बाईंनी करून दिलेला नाही. तो एका आळशी प्रोग्रॅमने करून दिला, आणि मोठी माणसं गप्प बसली.

आता इंग्रजी नेमकं काय मोजते ते पाहू. क्यू म्हणजे रांग, या शब्दात इंग्रजीत पाच अक्षरं आहेत आणि ऐकू येतो तो एकच 'क्यू'. उरलेली चार अक्षरं रांगेतच उभी असावीत. म्हणजे इंग्रजी मोजते ते स्पेलिंग. कानाला जे लागतं ते नाही, डोळ्याला जे दिसतं ते. म्हणूनच तिथे स्पेलिंगच्या स्पर्धा होतात आणि मुलं व्यासपीठावर रडतात. बरं, त्यांचंही आपसात एकमत आहे असं नाही. 'वर्डल'मध्ये जानेवारी २०२२ मध्ये 'फेव्हर' हा शब्द उत्तर म्हणून आला, अमेरिकन पद्धतीने, पाच अक्षरी. ब्रिटनमधली मंडळी खवळली, कारण त्यांच्याकडे त्यात यू असतो आणि अक्षरं सहा होतात. (आपल्या शाळांतही सहाच शिकवतात.) गंमत म्हणून सोडून देता येईल, पण त्या रागाबद्दल मला आदर वाटला. आमचा शब्द आमच्या मापाने मोजा, एवढंच ते म्हणत होते.

आपल्याकडे असा राग कुणाला येत नाही. आणि माप नाही म्हणावं, तर आपल्याइतकं जुनं आणि पक्कं माप क्वचित कुणाकडे असेल. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी बावीस अक्षरं. त्र्यंबकेश्वराहून दरवर्षी निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, त्या वाटेवर चालणाऱ्या कुणाला छंदशास्त्राचं पुस्तक दाखवायची गरज नाही. एखाद्या चरणात सातवं अक्षर शिरलं तर टाळ अडखळतो. आमच्या नाशिकरोडच्या मुक्तिधामाच्या भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय लिहिलेले आहेत. त्यातले बहुतेक श्लोक अनुष्टुभ, म्हणजे आठाचा एक चरण, चार चरणांची बत्तीस अक्षरं. लोक दर्शन घेऊन, फोटो काढून निघून जातात, पण त्या भिंती म्हणजे अक्षरमोजणीची भली थोरली वही आहे. इथून जवळच टाकळी. तिथे समर्थ रामदासांनी बारा वर्षं तपश्चर्या केली असं परंपरा सांगते. त्यांचे मनाचे श्लोक २०५, वृत्त भुजंगप्रयात, चरणाला बारा अक्षरं. गुणाकार करून पाहा, ९,८४० होतात. आणि नुसती संख्या नाही, लघु-गुरूचा क्रमही प्रत्येक चरणात तोच. कुठल्या संगणकाने मोजून दिली होती?

बरं, हे फक्त शिकल्यासवरल्यांचं काम होतं असंही नाही. आपल्या याच रेल्वेलाइनवर पुढे जळगाव. तिथल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांची ओवी मापात बसते. जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या पिढ्यान् पिढ्या अशाच मोजत आल्या. म्हणजे अक्षर हे आपल्याकडे कागदावर यायच्या आधीच कानात असतं.

सगळ्यात मोठा पुरावा पोरांचा. 'च'ची भाषा आठवते का? शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि सुरुवातीला च लावायचा. "चलाम चणीपा चवंह." (मला पाणी हवं!) यात 'पा' उचलताना कुठलंही पोर काना मागे विसरत नाही. प वेगळा आणि काना वेगळा असं त्याच्या डोक्यात येतच नाही. अंताक्षरीचं तर नावच अक्षरावरून पडलंय. उलटसुलट वाचायची वाक्यं घ्या, 'चिमा काय कामाची' किंवा 'रामाला भाला मारा'. अक्षरं धरून उलटी वाचा, जमतं (पहिल्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सोडला तर). तेच 'रामाला' एखाद्या अडाणी प्रोग्रॅमला उलटं करायला सांगा. सुरुवातीलाच एक अधांतरी काना येईल, मग ल आणि त्याच्या शेजारी भलत्याचाच काना. शेवटी र बोडका.

कुणी म्हणेल, अहो, एका शब्दशोधावरून एवढं रामायण? तर मोबाइल घ्या. साध्या एसेमेसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात. त्यात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी मर्यादा घसरून ७० वर येते. एक कारण तांत्रिक आहे, देवनागरीच्या चिन्हाला सात बिटांऐवजी सोळा लागतात. दुसरं कारण आपलं तेच. त्या सत्तरांत काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा पायमोड, हे सगळे वेगवेगळे प्रवासी म्हणून मोजले जातात, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. त्र्यंबकेश्वर हा शब्द आपल्या लेखी पाच अक्षरी. त्र्यं, ब, के, श्व, र. यंत्राच्या लेखी तेरा. मध्ये मोकळ्या जागा सोडून तो पाच वेळा लिहिला की ६९ भरले, मेसेज संपला. इंग्रजी लिपीत तोच शब्द अकरा वेळा लिहून वर थोडी जागा उरते. मेसेजचे पैसे तुकड्यागणिक पडतात. मग पाणी येणार नाही, वीज जाणार आहे, असले निरोप इंग्रजीत किंवा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत आले तर नवल कसलं? "पाणी येणार नाही" हे वाक्य इंग्रजी लिपीत वाचताना माझ्या आईला दर वेळी चष्मा पुसावा लागतो. चूक चष्म्याची नसते.

तरी संगणकवाल्यांच्या बाजूचंही सांगतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, आणि व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी साठवणं यात काहीच गैर नाही. साठवायला ते सोयीचंच आहे. कोठारात गहू आणि तूप वेगवेगळे ठेवतात, पण म्हणून ताटात पोळीऐवजी पसाभर गहू आणि शेजारी तुपाचा डबा कुणी वाढत नाही. साठवण वेगळी, मोजणं आणि दाखवणं वेगळं. यासाठी युनिकोडचे वेगळे नियम आहेत. काना-मात्रा व्यंजनाला चिकटवून एकच धरायची, हा नियम बऱ्याच आधीपासून आहे. म्हणजे भाचीच्या कागदावरची ती अनाथ वेलांटी हा युनिकोडचा दोष नव्हे, नियम न वाचणाऱ्याचा आहे. जोडाक्षराचं मात्र वेगळं. 'क्ष' हा वाचणाऱ्याच्या दृष्टीने एक अखंड तुकडा आहे, हे त्या नियमांत यायला सप्टेंबर २०२३ उजाडलं. बत्तीस वर्षं! तोपर्यंत नियमानुसार क्ष म्हणजे एक पायमोडका क आणि एक ष. आणि जुन्या सॉफ्टवेअरला या सुधारणेचा अजूनही पत्ता नाही.

या बत्तीस वर्षांत आपण काय करत होतो? अभिजात दर्जा मागत होतो. तो ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळालाही, पेढे वाटले, छान झालं. दोन हजार वर्षं जुनी भाषा म्हणून सिद्ध केली, पण तिचा शब्द किती अक्षरांचा हे यंत्राला ठणकावून सांगायचं मात्र राहून गेलं. गंमत बघा, आमच्या इथल्या प्रेसमध्ये नोटा छापतात. नोटेच्या मागच्या पट्टीत पंधरा भाषा असतात, त्यात मराठीची एक ओळ. एवढ्याशा जागेत, इतक्या बारीक टायपात 'रुपये'चा उकार जागच्या जागी असतो. छपाईला जे जमतं ते शाळेच्या कागदाला का जमू नये?

माझा एक मित्र आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. तो म्हणतो, मराठीत असले खेळ चालणारच नाहीत. इंग्रजीत एका घरात सव्वीसच शक्यता, मराठीत शेकडो. हिशोब त्याचा बरोबर आहे. चौतीस व्यंजनं धरा आणि त्यांची बाराखडी करा, चारशेच्या वर जाते. जोडाक्षरं आणखी वेगळी. सहा प्रयत्नांत पाच अक्षरं ओळखायची म्हणजे अंधारात दगड मारणं. पण यावरून मराठीत खेळ होत नाही, हे कसं ठरतं? उलट एक अख्खं अक्षर कळलं तर इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त माहिती हातात येते. तेव्हा नियम वेगळा करा. व्यंजन बरोबर, मात्रा चूक, असं असेल तर तिसरा रंग दाखवा. घरं पाचाऐवजी तीन ठेवा. 'वर्डल'नंतर मराठीतही असे खेळ निघाले, आणि ज्यांनी हा विचार केला ते खेळताना मजा येते. नियम बदलायचा सोडून भाषेचे तुकडे का करायचे?

आणि खेळ होत नाही म्हणणाऱ्याने आपली वर्तमानपत्रं उघडून पाहावीत. मराठी शब्दकोडं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. एका घरात एक अक्षर, काना-मात्रेसकट, जोडाक्षर असेल तर तेही एकाच घरात. दुपारी जेवणं झाल्यावर पेन घेऊन बसणाऱ्या लाखो लोकांना हा नियम कुणी लिहून दिलेला नाही. आडव्या शब्दातला 'की' उभ्या शब्दातही 'की'च लागतो, नुसता 'क' चालत नाही. त्यामुळे कोडं रचणाऱ्याचे हाल होतात, काळी घरं जास्त टाकावी लागतात, पण माप सोडलेलं नाही. हे लोक माझे हिरो आहेत.

इंग्रजी शब्दखेळांचा इतिहासही मला हेच सांगतो. स्क्रॅबल ज्याने रचलं तो आल्फ्रेड बट्स, १९३० च्या मंदीत काम गेलेला वास्तुरचनाकार. त्याने काय केलं? वर्तमानपत्राची पानं घेतली आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं ते बसून मोजलं. शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत आणि क्यूला दहा गुण आहेत ते त्या मोजणीमुळे. त्याने आपली भाषा मोजली. आपण त्याची सोंगटी उसनी घेतो आणि मग मराठी त्यात मावत नाही म्हणून मराठीलाच दोष देतो. मराठीत ळ किती वेळा येतो, शब्दाच्या सुरुवातीला ण का येत नाही, हे मोजायला कुणी अडवलंय?

मी भाचीसोबत तो शब्दशोध फाडला नाही (फाडावासा वाटला होता). त्याच्या पाठीवर आम्ही आपल्या जिल्ह्याची गावं लिहायला घेतली. दोन अक्षरी ओढा, घोटी. तीन अक्षरी निफाड, येवला, सिन्नर, अस्वली. सिन्नरपाशी ती थबकली, न्न एक की दोन म्हणून, आणि मग स्वतःच म्हणाली, एकच. चार अक्षरी देवळाली, मनमाड, लहवित, खेरवाडी. पाच अक्षरी म्हणजे आपल्या नाशिकरोडच्या बरोबरीचे कोण? इगतपुरी, लासलगाव, पिंपळगाव. त्र्यंबकेश्वर तिने चक्क टाळ्या वाजवत मोजलं. मग खेळ अवघड केला, ल असलेलीच गावं सांगायची. मग ळ. ए आणि आरचे दहा शब्द लिहायला लागला होता त्याच्या तिप्पट वेळ आम्ही बसलो, आणि आजी स्वयंपाकघरातून नावं पुरवत होती. इंग्रजी कागदाच्या वेळी आजीला तोंड उघडायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला चार ओळींची चिठ्ठी दिली. कागद बनवणाऱ्याला सांगा, एका घरात एक अक्षर, वेलांटी व्यंजनासोबत. उत्तर आलेलं नाही. पुन्हा देणार आहे. तुमच्या घरी असा कागद आला तर तुम्हीही द्या, चार ओळींना काही लागत नाही.

एक शंका मात्र मलाही आहे, आणि ती इथेच मांडतो म्हणजे प्रतिक्रियांत कुणी पकडायला नको. नाशिक आपण बोलताना 'ना-शिक्' असं दोन दणक्यांत बोलतो, मग अक्षरं तीन कशी? तर आपलं मापही सगळंच कानाचं नाही, थोडं कागदाचंही आहे. पण विठ्ठल हा शब्द बोलताना शेवटचा ल तोडून बोलणारा माणूस कीर्तनात उभा राहिला की तोच ल पूर्ण म्हणतो, वि-ठ्ठ-ल. तिसरं अक्षर तिथे होतंच, दबून बसलं होतं. खरी पंचाईत 'अर्थात'ची. आताच्या नियमाने पाय न मोडता लिहायचं म्हणून अ, र्था, त अशी तीन. जुने लोक पाय मोडून लिहायचे, आणि वृत्तात मोजणारा तर दोनच धरेल. मी तीन म्हणतो. दोन म्हणणाऱ्यांनी यावं, चहा माझ्याकडे.